नकाशा रंगवण्याआधी घड्याळ बघा

'बॅटल फॉर वेस्नॉथ' या पाळीपाळीने खेळायच्या युद्धाच्या कॉम्प्युटर गेमसाठी स्वतःचा सिनॅरिओ (एका लढाईचा नकाशा आणि मांडणी) बनवताना बहुतेक जण आधी डोंगर-नद्या काढत बसतात. मीही तेच करायचो. आता आधी फक्त दोन किल्ले ठेवतो आणि त्यांच्या मधली घरं (नकाशावरचे षटकोन) मोजतो.

कारण या खेळात दिवस-रात्र मिळून एक दिवस 6 टर्नचा (पाळ्यांचा) असतो आणि त्यावर सगळं फिरतं. आपल्या भालाईताच्या एका वाराचं नुकसान एरवी 7. दिवसा ते 9, रात्री 5. समोरच्या ऑर्क ग्रंटचं (शत्रूच्या राक्षसी शिपायाचं) उलटं: रात्री 11, दिवसा 7. भालाईत सपाट गवतावर टर्नला 5 घरं चालतो. पहिल्या टर्नला, पहाटे, भरती केलेला शिपाई दुसऱ्या टर्नला निघतो. शत्रू 15 घरांवर असेल तर आपला शिपाई चौथ्या टर्नला, ऐन संध्याकाळी, त्याच्या दारात उभा! पुढचे दोन टर्न रात्र. खेळाडू मार खातो आणि शिव्या तुम्हाला घालतो.

मग अंतर बदला, नाहीतर वाटेत दलदल टाका (तिथे माणसाला एका घराला टर्नच्या 5 चालींपैकी 3 लागतात), किंवा सिनॅरिओ सुरू होण्याची वेळच बदला. तिसरा उपाय सगळ्यात स्वस्त, नकाशाला हातही लागत नाही.

एवढं करूनही लढाई जड वाटली तर शत्रूचं सोनं (ज्यावर तो सैन्य भरती करतो) कमी करून बघा. किती टर्नमध्ये जिंकायचं ती मर्यादा मात्र शेवटी ठरवा, तीही स्वतः दोन-तीनदा खेळून. आपला नकाशा आपल्याला पाठ असतो, म्हणून त्यावर चार-पाच टर्न वाढवूनच द्या.