तंत्रज्ञान क्लबचा कार्यभार स्वीकारताना

अभियांत्रिकी महाविद्यालयातील तंत्रज्ञान क्लबची समिती दरवर्षी बदलते आणि नवी समिती येते तेव्हा जुने पदाधिकारी प्लेसमेंट व अंतिम वर्षाच्या प्रकल्पात बुडालेले असतात. म्हणून पहिला कार्यक्रम जाहीर करण्याआधी हस्तांतरण पूर्ण करून घ्यावे. क्लबचा ईमेल, गिटहब या कोड साठवण्याच्या संकेतस्थळावरील ऑर्गनायझेशन (क्लबचे सामाईक खाते), संकेतस्थळाचे डोमेन आणि समाजमाध्यमांवरील खाती यांची यादी करून प्रत्येक पासवर्ड जुन्या सचिवांना शेजारी बसवूनच बदलावा आणि त्याच बैठकीत ओटीपीसाठी नोंदवलेला मोबाइल क्रमांकही बदलावा. आमच्या क्लबचे ईमेल खाते एवढ्याशा चुकीने कायमचे गेले. पासवर्ड आमच्या वहीत होता, ओटीपी मात्र दोन वर्षांपूर्वी उत्तीर्ण झालेल्या सचिवांच्या बंद क्रमांकावर जात होता. गिटहबवर ‘ओनर’ म्हणजे सर्वाधिकार असलेले सदस्य म्हणून किमान दोघांची नावे ठेवावीत आणि त्यांतील एक जण द्वितीय वर्षाचा असावा.

कार्यशाळेची खरी तयारी आदल्या दिवशी होते. आर्डुइनोच्या, म्हणजे प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाच्या, दोन तासांच्या कार्यशाळेत सर्वांनी महाविद्यालयाच्या वायफायवरून एकाच वेळी सॉफ्टवेअर उतरवायला घेतले, तर पहिला तास त्यातच संपतो. त्यामुळे आवश्यक फाइली चार-पाच पेनड्राइव्हवर तयार ठेवाव्यात. बाजारातील अनेक स्वस्त ऊनो (आर्डुइनोचा एक प्रकार) बोर्डांवर यूएसबी जोडणीसाठी सीएच340 ही चिप असते आणि तिचा ड्रायव्हर लॅपटॉपवर नसेल तर पोर्टच दिसत नाही, म्हणजे लॅपटॉप बोर्डाला ओळखत नाही, म्हणून तोही सोबत द्यावा. ईएसपी32 हा वायफाय असलेला बोर्ड वापरणार असाल तर प्रत्येक केबल स्वतः जोडून पाहावी, कारण काही मायक्रो यूएसबी केबल केवळ चार्जिंगच्या असतात. आणि त्या बोर्डाच्या पिना 3.3 व्होल्टच्या असल्याने 5 व्होल्टचा सिग्नल थेट जोडू नये, हे सुरुवातीलाच बजावावे.

पदविकेनंतर थेट द्वितीय वर्षात आलेल्या विद्यार्थ्यांकडे आपल्या समित्यांचे लक्ष जात नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. सोल्डरिंग आणि मल्टिमीटर यांवर त्यांचा हात बसलेला असतो. त्यांना मदतनीस म्हणून आवर्जून बोलवावे आणि प्रथम वर्षाच्या मुलांना अडेल तिथे मराठीतून समजावून द्यावे. स्मार्ट इंडिया हॅकेथॉन या देशपातळीवरील तंत्रज्ञान स्पर्धेच्या सहा जणांच्या संघात किमान एक विद्यार्थिनी असणे बंधनकारक आहे. अर्ज भरण्याच्या दिवशी केवळ नावापुरती मुलगी शोधण्याची वेळ येत असेल, तर वर्षभराच्या कार्यक्रमांत मुलींना काम मिळाले नाही, असाच त्याचा अर्थ होतो.

खर्चाला प्राध्यापक समन्वयकांची लेखी मंजुरी आधी घ्यावी आणि पावत्या त्याच दिवशी खजिनदारांकडे जमा कराव्यात. किट घरी नेऊ द्यावे, कपाटात कुलूपबंद ठेवून कोणी शिकत नाही. मात्र वहीत नाव, तारीख आणि बोर्ड, सेन्सर, जंपर वायर यांची संख्या लिहून सही घ्यावी आणि परत घेताना बोर्डावर एलईडी लुकलुकवून पाहूनच नोंद बंद करावी.