ठासणीच्या बंदुकीत काळ्या दारूऐवजी काय भरावं?

हरभऱ्याची जागल संपवून सकाळी माळ्यावरून उतरलो, तर भाच्याचा व्हिडीओ कॉल. तो पिट्सबर्गला असतो. तिथं तेव्हा आदल्या दिवसाची रात्र होती.

"मामा, चकमक बरोबर पडते, रंजकही भुर्रकन पेटते, पण आतला बार उडतच नाही. एकदा उडाला तो बी थांबून थांबून."

"डब्यावर काय लिहिलंय?"

"पायरोडेक्स आरएस."

म्हटलं, दुखणं तिथंच आहे. पायरोडेक्स म्हणजे काळ्या दारूच्या, म्हणजे जुन्या तऱ्हेच्या बंदुकीच्या दारूच्या, जागी विकली जाणारी भुकटी. पेनसिल्व्हेनियात नाताळानंतर हरणाचा जो हंगाम असतो तो फक्त चकमकीच्या बंदुकीवाल्यांसाठी. भाच्यानं बंदूक बरोबर घेतली, पण दारूच्या जागी भलताच डबा उचलला. त्याला फोनवर जे सांगितलं ते इथं सविस्तर लिहितो. आपल्या भागातही पिकाच्या राखणीच्या लायसनवर भरमार, म्हणजे तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची बंदूक, बाळगणारी घरं आहेत, आणि हल्ली मोबाईलवर अमेरिकेचे व्हिडीओ पाहून "ते आपल्या बंदुकीत चालते का?" असं पोरं विचारतात.

आधी आग कुठून येते ते पाहा

दुकानदार आधी कॅलिबर विचारतो. मी म्हणतो, आधी घोडा पाहा. ठासणीच्या बंदुकीत आतल्या दारूला आग तीन तऱ्हेनं पोचते, आणि निम्मी निवड तिथंच होते.

पहिली चकमकीची. गारेचा दगड पोलादावर घासतो, ठिणगी रंजकाच्या, म्हणजे बाहेर टाकलेल्या चिमूटभर बारीक दारूच्या, खळग्यात पडते आणि तिथली ज्योत कान्यातून, म्हणजे नळीच्या बुडाशी असलेल्या बारीक भोकातून, आत शिरते. ही आग अशक्त आणि क्षणभराची. खरी काळी दारू तेवढ्यावर पेट घेते. पर्याय म्हणून मिळणाऱ्या भुकट्या पेटायला जास्त उष्णता मागतात, म्हणून रंजक जळून जाते आणि बार तसाच राहतो. भाच्याचं नेमकं हेच झालं. चकमकीच्या बंदुकीला पर्याय शोधूच नये. तिला काळी दारूच लागते.

दुसरी टोपीची, म्हणजे आपटताच पेटणाऱ्या बारक्या धातूच्या टोपीची. आपल्याकडच्या बहुतेक भरमारी याच. घोडा टोपीवर आदळला की टोपीची ज्योत आत जाते. या ज्योतीवर पायरोडेक्स चालते, ट्रिपल सेव्हन नावाची दुसरी भुकटीही चालते. फक्त टोपी ताजी हवी आणि कान्यात मळ नको.

तिसरी अमेरिकेतली नवी तऱ्हा. तिला इनलाइन म्हणतात. तिच्यात नळीच्या बुडाशी सरळ रेषेत शॉटगनच्या काडतुसाचा २०९ नंबरचा प्रायमर, म्हणजे आपटल्यावर पेटणारी टिकली, बसतो. त्याची आग जबर. ब्लॅकहॉर्न २०९ नावाची भुकटी याच आगीसाठी केलेली आहे, नावातच नंबर आहे. ती टोपीच्या बंदुकीत भरली तर हाती निराशाच येईल.

डब्यात नेमकं काय असतं

पायरोडेक्स १९७६ साली बाजारात आलं. काळ्या दारूचा हा पहिला गाजलेला पर्याय. त्यात गंधक आहेच, त्यामुळे धूर आणि सडक्या अंड्याचा वास जुन्यासारखाच. "पर्याय" म्हणजे निरुपद्रवी असा अर्थ मात्र काढू नका. ते शोधणारा डॅन पॉलॅक १९७७ साली आपल्याच कारखान्यातल्या दुर्घटनेत गेला. अमेरिकेत त्याची साठवण आणि वाहतूक काळ्या दारूपेक्षा सोप्या नियमांत बसते, म्हणून लहानसहान दुकानांतही ते दिसतं.

ट्रिपल सेव्हनमध्ये गंधक नाही. वास नाही, आणि नळी नुसत्या पाण्यानं धुता येते. पण जोर जास्त. शिवाय बार झाल्यावर, जिथं गोळी बसते तिथं नळीत कडक मळाचं कडं धरतं. दुसरी गोळी त्या कड्यावर अडते आणि माणसाला वाटतं ती खाली बसली. म्हणून दर बारानंतर ओलसर चिंधी एकदा फिरवायची.

ब्लॅकहॉर्न २०९ ओल सहज धरत नाही आणि घाण कमी करतं. महाग आहे. त्याची सफाई पाण्यानं होत नाही, बंदुकीचं तेलकट सॉल्व्हंट लागतं. इनलाइनवाल्याला परवडत असेल तर त्यानं हेच घ्यावं.

दाणा जाड की बारीक

इथं "दाणा" आणि "ग्रेन" यांत घोळ होतो. ग्रेन हे माप, १०० ग्रेन म्हणजे सुमारे साडेसहा ग्रॅम. दाणा म्हणजे भुकटीचा कण. खऱ्या काळ्या दारूच्या डब्यावर एफ हे अक्षर जितक्या वेळा, तितका दाणा बारीक. ५० कॅलिबर आणि त्यावरच्या रायफलीला दोन एफ, लहान नळीला आणि पिस्तुलाला तीन एफ, रंजकाला चार एफ. पायरोडेक्समध्ये आरएस म्हणजे रायफल आणि शॉटगनचा दाणा, जवळपास दोन एफसारखा. पी म्हणजे पिस्तुलाचा, तीन एफसारखा. जाड्याच्या जागी बारीक भरला तर दाब वाढतो.

दाबून केलेल्या वड्याही मिळतात. त्या इनलाइनसाठी. पायरोडेक्सच्या वडीचं एक टोक काळं असतं, ते प्रायमरच्या बाजूला जायला हवं. उलटी टाकली की बार रेंगाळतो.

मापानं भरा, तोलून नाही

सगळ्यात मोठी चूक शिकलेली माणसं करतात, कारण त्यांच्याकडे डिजिटल काटा असतो.

लहानपणी आमच्याकडे धान्य पायलीनं मोजत. पायलीभर ज्वारी आणि पायलीभर लाह्या यांची पायली एकच, वजन किती वेगळं! काळी दारू ही ज्वारी समजा आणि पायरोडेक्स तिच्याहून हलकं. पितळी मापानं १०० ग्रेन घेतलेलं पायरोडेक्स काट्यावर ठेवलं तर साधारण ७० ते ७५ ग्रेनच भरतं, आणि ते तसंच असायला हवं. एखाद्यानं काट्यावर पूर्ण १०० ग्रेन तोलून नळीत ओतलं, तर बार तिसऱ्या हिश्शाहून जास्त भारी झाला. या भुकट्या काळ्या दारूच्या मापानं भरायच्या म्हणून बनवलेल्या आहेत. काटा कपाटात ठेवा.

ट्रिपल सेव्हनला मापातही सूट नाही. काळ्या दारूइतकाच जोर हवा असेल तर माप १५ टक्के कमी घ्यावं लागतं. ८० चा बार भरत असाल तर ६८ वर या. आणि सुरुवात कायम बंदूक बनवणाऱ्यानं दिलेल्या सगळ्यात खालच्या मापापासून. जुन्या भरमारीला असा कागदच नसतो. ती लायसनवाल्या कारागिराला दाखवल्याशिवाय तिच्यात काहीही नवं भरू नका.

ओतायचं ते मापातून. डब्यातून किंवा दारू ठेवायच्या शिंगातून थेट नळीत कधीच नाही. मागच्या बारातली एखादी ठिणगी आत जिवंत असली तर मापातली दारू भडकेल, हात पोळेल. डबा भडकला तर पोळण्यावर भागणार नाही.

मग गोळी गजानं दारूला टेकेपर्यंत बसवा. मध्ये पोकळी राहिली तर नळी फुटू शकते. गजावर दोन खुणा करून ठेवा, एक रिकाम्या नळीची, एक भरलेल्या नळीची. आमच्या गजावर आज्यानं चाकूनं पाडलेल्या खाचा अजून आहेत. अंधारात बोटाला लागतात, बॅटरी लावावी लागत नाही.

बार उडाला नाही तर नळी तशीच सुरक्षित दिशेला धरून निदान दोन मिनिटं थांबा. डोकावू नका. रेंगाळलेला बार कधी निघेल याचा भरवसा नाही.

काय भरायचं नाही

काडतुसातली बिनधुराची दारू भरायची नाही. चिमूटभरही नाही, काळ्या दारूत मिसळूनही नाही. तिचा दाब या नळीला पेलत नाही आणि फुटते ती नेमकी गालाजवळ. दोन वेगळ्या डब्यांतल्या भुकट्याही एकत्र करू नका.

सुतळी बॉम्ब फोडून काढलेली दारूही नाही. ती आवाजासाठी केलेली असते, गोळी ढकलण्यासाठी नाही. गोळी हलायच्या आधीच ती नळी फाडू शकते. घरी कुटलेली तर नाहीच नाही. खळ्यावर बसून "आमचा आजा कुटत होता" म्हणणारे भेटतात. त्या आज्याच्या हाताला किती बोटं होती तेही विचारून घ्या.

आपल्याकडे काय शक्य आहे

थोडक्यात सांगतो. वरचे डबे अमेरिकेच्या दुकानांतले आहेत. ते पार्सलनं मागवणं किंवा पाहुण्याच्या बॅगेतून आणवणं हा गुन्हा ठरू शकतो. स्फोटकांच्या आयातीला १८८४ चा स्फोटक कायदा आणि २००८ चे नियम लागू होतात, आणि तो परवाना देणारी पेसो ही संस्था आपल्या नागपुरातच बसते. आपण १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या लायसनवर जे आणि जेवढं लिहिलंय तेच, परवानाधारक दुकानातून, पावती घेऊन आणायचं. आणखी एक. राखणीचं लायसन म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. रानडुक्कर असो की रोही, १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे वनखात्याची परवानगी वेगळी लागते.

धुणं

हे मी शिकलो ते नुकसान करून. एका वर्षी पोळ्याच्या आसपास डुकरं हाकलायला हवेत दोन बार काढले आणि दमून बंदूक तशीच खुंटीला लावली. आठ दिवस झड लागली होती. उतरवली तेव्हा कान्याभोवती नारिंगी पापुद्रा आला होता, आणि चिंधी नळीच्या बुडाशी जाऊन खरवडल्यासारखी अडत होती. ते खड्डे आजही आहेत. काळ्या दारूचा आणि पायरोडेक्सचा मळ हवेतलं पाणी ओढतो, आणि आपल्याकडच्या श्रावणात त्याला एक रात्र पुरते.

तेव्हा बार काढला त्याच दिवशी धुवा. आधी गज आत सोडून नळी रिकामी आहे हे खुणेवरून पाहा, टोपी काढा. मग कढत पाण्यात थोडा साबण टाकून चिंधी वरखाली करा. पहिलं पाणी शाईसारखं निघतं, तिसऱ्या-चौथ्याला स्वच्छ येतं. शेवटचं पाणी उकळतं घ्या, त्यानं लोखंड इतकं तापतं की नळी आपोआप सुकते. ती कोमट असतानाच तेलाचा हात फिरवा. दुसऱ्या दिवशी कोरडी चिंधी घालून पाहा. तांबूस निघाली तर पुन्हा पहिल्यापासून.

भाच्याला खरी काळी दारू दोन दिवसांनी, गावाबाहेरच्या एका दुकानात मिळाली. पुन्हा सकाळचाच फोन.

"मामा, पहिल्याच झटक्याला उडाला!"

"आन हरीण?"

"ते आवाजानंच पळालं."

"नळी धुतली का?"

तो काही बोलला नाही. थोड्या वेळानं फोनमधून नळ सोडल्याचा आवाज आला.