पॉइंटवर प्रवास करायचाय? मग तयारी वर्षभर आधी

क्रेडिट कार्डाने खर्च केला की पॉइंट मिळतात आणि त्यांवर विमानाचं तिकीट किंवा हॉटेलची खोली घेता येते. पण अशा कार्डाचा अर्ज भरण्याआधी मागच्या बारा महिन्यांची स्टेटमेंट काढून बसा. किती खर्च झाला ते नंतर बघू, आधी बिल दर महिन्याला पूर्ण भरलंय का ते बघा. दोन-तीन महिने जरी ‘मिनिमम ड्यू’ म्हणजे फक्त किमान रक्कम भरून पुढे ढकललं असेल, तर हा लेख इथेच मिटा आणि आधी ती बाकी संपवा. पॉइंटांची किंमत साधारणपणे खर्चाच्या एक-दोन टक्के पडते, फार जमवून आणलं तर चार-पाच. कार्डावरचं व्याज बऱ्याच देशांत वर्षाला २० टक्क्यांच्या वर असतं, काही ठिकाणी चाळिशीला टेकतं. शिवाय एकदा बाकी राहिली की बहुतेक ठिकाणी नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते, म्हणजे उद्या घेतलेल्या वस्तूवर उद्यापासूनच व्याज. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला तो हाच. बिल पूर्ण जात असेल तरी एक काम करून टाका: ऑटो-डेबिटमध्ये ‘संपूर्ण रक्कम’ निवडलीय की ‘किमान रक्कम’, हे डोळ्यांनी बघा. अनेकांची समजूत एक असते आणि सेटिंग दुसरंच.

मग प्रवास ठरवा. लोक उलटं करतात: आधी चकचकीत कार्ड घेतात आणि मग त्याच्या पॉइंटवर कुठे जाता येईल ते शोधत बसतात. कुठे जायचं, किती जणांनी, तारखा हलवता येतील का, एवढं कागदावर आलं की कोणते पॉइंट लागतील ते आपोआप दिसायला लागतं. तारखा सुट्टीला बांधलेल्या असतील आणि चौघांना एकाच विमानात बसायचं असेल, तर पॉइंटवरच्या सीटा मिळणं अवघड. अशांनी सरळ कोणत्याही तिकिटाच्या रकमेतून वजा होणारे, ठरलेल्या किमतीचे पॉइंट देणारं कार्ड घ्यावं. दोघंच असाल आणि मंगळवार-बुधवारी निघायची तयारी असेल, तर विमान कंपन्यांकडे वळवता येणारे, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या पॉइंटांत (‘माइल्स’मध्ये) बदलता येणारे पॉइंट जास्त कामाचे. एकाच कंपनीच्या नावाचं कार्ड मी तरी त्याच कंपनीने वारंवार जाणाऱ्यालाच सुचवेन.

इथे एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. ज्या कंपनीचे माइल्स, तिच्याच विमानात बसावं लागतं असं नाही. विमान कंपन्यांचे मोठे गट आहेत: स्टार अलायन्स १९९७ मध्ये सुरू झाली, वनवर्ल्ड १९९९ मध्ये, स्कायटीम २००० मध्ये. एका गटातल्या कंपन्या एकमेकींच्या माइल्सवर सीटा देतात, त्यामुळे एअर कॅनडाचे पॉइंट वापरून त्याच गटातल्या लुफ्थान्साच्या विमानात बसता येतं. गंमत अशी की त्याच विमानातल्या त्याच सीटसाठी एक कंपनी कमी माइल्स मागते, दुसरी दीडपट, आणि तिसरी माइल्स कमी मागून वर इंधन अधिभार असा लावते की बचत तिथेच संपते. म्हणून आपल्या मार्गावर कोणकोणत्या कंपन्या उडतात, त्या कोणत्या गटात आहेत आणि आपल्या कार्डाचे पॉइंट त्यांपैकी कुणाकडे वळतात, हे तीन रकाने वहीत आखाच. अर्धी संध्याकाळ जाते, पण बाकीची सगळी तयारी त्या पानावर उभी राहते.

आता अर्ज. मोठा घास असतो तो वेलकम बोनसचा, म्हणजे नवं कार्ड घेतल्याबद्दल मिळणाऱ्या जादा पॉइंटांचा, आणि तो बहुधा ठरावीक मुदतीत, बरेचदा पहिल्या तीन महिन्यांत, अमुक इतका खर्च केला तरच मिळतो. तो आकडा गाठायला खरेदी वाढवू नका, कार्ड घ्यायची वेळ बदला. विम्याचा हप्ता, शाळेची फी, घरातलं एखादं मोठं उपकरण, असा होणारच असलेला खर्च ज्या तिमाहीत येतो तिच्या तोंडावर अर्ज करा. मात्र कोणत्या खर्चावर पॉइंट मिळतच नाहीत तो परिच्छेद आधी वाचा. प्रत्येक दुकानाला कार्ड-व्यवस्थेत चार आकडी वर्ग-कोड असतो. बँक दुकानाची पाटी बघत नाही, कोड बघते. इंधन, घरभाडं, वॉलेटमध्ये भरलेले पैसे, सरकारी भरणा हे वर्ग अनेक कार्डांवर वगळलेले असतात. हॉटेलातल्या दुकानाचा कोड हॉटेलचा निघतो आणि घसघशीत पॉइंट पडतात, असंही होतं. गृहकर्ज काढायचं डोक्यात असेल तर नवं कार्ड थांबवा, कारण अर्जाची नोंद क्रेडिट अहवालात होते. वार्षिक फी दुसऱ्या वर्षापासून लागणार असेल तर तिची तारीख आत्ताच मोबाइलमध्ये टाका.

हे पॉइंट येतात कुठून, हा प्रश्न एकदा पडायला हवा. दुकानदार प्रत्येक व्यवहारावर फी भरतो, तिचा काही भाग कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो आणि त्यातला तुकडा आपल्याकडे येतो. युरोपीय महासंघाने २०१५ च्या नियमाने क्रेडिट कार्डावरचा हा बँकेचा वाटा व्यवहाराच्या ०.३ टक्क्यावर बांधला, तिथल्या कार्डांवरचे पॉइंट किरकोळ वाटतात त्याचं हे एक मोठं कारण. उरलेल्यातला बराच पैसा वेळेवर बिल न भरणाऱ्यांच्या व्याजातून येतो. कुणाच्या तरी उशिरावर आपली सहल निघते, हे मला अजूनही थोडं खटकतं.

पॉइंट साठले की वटवण्याआधी एका पॉइंटची किंमत काढायची. समजा तिकीट रोखीने ३०,००० ला आहे. पॉइंटवर काढलं तर २५,००० पॉइंट आणि वर ६,००० कर. वाचले २४,०००, भागिले २५,०००, म्हणजे एका पॉइंटला ०.९६. तेच २५,००० पॉइंट खरेदीच्या व्हाउचरमध्ये घातले आणि ६,२५० चं व्हाउचर हातात आलं, तर एका पॉइंटला ०.२५. फरक जवळपास चौपटीचा. पण हा हिशेब स्वतःला फसवायलाही सोपा आहे. दोन लाखांचं बिझनेस क्लासचं तिकीट पॉइंटवर मिळालं म्हणून दोन लाख वाचले असं सांगत फिरणारे आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे असतात. खिशातून ते तिकीट तुम्ही कधीच काढणार नव्हता, तर भागाकारात तो आकडा घालू नका. एरवी जेवढे मोजले असते तेवढेच घाला.

पॉइंट वळवणं ही सर्वांत शेवटची पायरी, आणि हे मी पोळलेल्या बोटांनी लिहितोय. रात्री साडेअकराला हव्या त्या तारखेला दोन सीटा दिसल्या. घाईघाईत कार्डाच्या ॲपमध्ये जाऊन सगळेच्या सगळे पॉइंट विमान कंपनीकडे पाठवले. ‘ही क्रिया मागे घेता येणार नाही’ असं पडद्यावर लिहिलेलं होतं, मी वाचलंही होतं. पॉइंट पोचायला दोन दिवस लागले आणि तोवर सीटा गायब. पुढे दीड वर्षाने ते पॉइंट एका अशा प्रवासात घालवले, ज्याला मी एरवी बसने गेलो असतो. आता माझा क्रम ठरलेला आहे. कंपनीचं खातं महिनाभर आधी उघडून ठेवायचं, त्यातलं नाव पासपोर्टप्रमाणे अक्षर न् अक्षर जुळवायचं, आधी सगळ्यांत लहान रक्कम वळवून किती वेळ लागतो ते बघायचं. दिसणारी सीट खरी आहे का ते अगदी पैसे भरायच्या पानापर्यंत जाऊन तपासायचं, कारण भागीदार कंपन्यांच्या सीटा कधीकधी नुसत्याच दिसतात. कंपनी फोनवर सीट धरून ठेवत असेल तर आधी ती धरायची. बहुतेक कंपन्या साधारण ३३० ते ३६० दिवस आधी तारखा खुल्या करतात, त्यामुळे गर्दीच्या हंगामासाठी वर्षभर आधी पॉइंट कार्डात तयार हवेत.

वर्षानुवर्षं साठवून मात्र ठेवू नका. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ मध्ये आपली माइल्सची योजना काढली, तेव्हापासून नियम बदलायचा हक्क कंपन्यांनी स्वतःकडेच ठेवलाय. डेल्टा या दुसऱ्या अमेरिकी कंपनीने २०१५ मध्ये किती माइल्सला कोणतं तिकीट हा तक्ताच काढून टाकला. पॉइंटवर व्याज मिळत नाही, मुदत मात्र बऱ्याच ठिकाणी संपते.

हॉटेलचं थोडक्यात: मॅरियटच्या हॉटेलांत पॉइंटवर सलग पाच रात्री घेतल्या तर चारांचेच पॉइंट लागतात, तेव्हा चार रात्रींचा बेत असेल तर पाचवी जोडून बघा. काही हॉटेलं पॉइंटवरच्या खोलीलाही वेगळं शुल्क लावतात, ते आधी विचारा. कार्डाबरोबर येणारा प्रवास विमा बहुधा तिकिटाचे पैसे किंवा पॉइंट-तिकिटावरचे कर त्याच कार्डाने भरले असतील तरच लागू होतो. कार्डावर मिळणाऱ्या विमानतळावरच्या लाउंजच्या (बसण्या-खाण्याच्या खोलीच्या) प्रवेशालाही मागच्या तिमाहीच्या खर्चाची अट असू शकते, दारात उभं राहून ती कळू नये.

निघायच्या आठवड्यात दोन वेगळ्या नेटवर्कची (व्हिसा, मास्टरकार्ड वगैरे) कार्डं पाकिटात आणि एक बॅगेत ठेवा, पिन पाठ करा, परदेशी व्यवहार चालू करा. परकीय चलनातल्या खर्चावर मार्कअप, म्हणजे बँकेचं जादा शुल्क, किती ते बघा. अनेक कार्डांवर तो ३ टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे पॉइंटांची सगळी कमाई त्यातच जिरते. दुकानातलं मशिन ‘तुमच्या चलनात भरायचं की इथल्या?’ असं विचारेल तेव्हा इथल्या म्हणा. आपल्या चलनाचा आकडा ओळखीचा वाटतो, पण त्यातला दर दुकानाच्या बाजूने ठरतो आणि तो महाग असतो. कार्डाने एटीएममधून रोकड काढू नका, व्याज त्याच दिवशी सुरू होतं. भाड्याची गाडी किंवा हॉटेल अनामत म्हणून मर्यादेतली मोठी रक्कम अडकवून ठेवतं, तेवढी जागा कार्डावर मोकळी ठेवा.

परत आल्यावर बोर्डिंग पास कचऱ्यात टाकायची घाई नको. पैसे भरून काढलेल्या तिकिटांचे माइल्स खात्यात पडायला काही दिवस लागतात, आणि पडले नाहीत तर दावा करताना तोच कागद मागतात. माझे पासपोर्टच्या पाठीमागच्या खिशात असतात, खात्यात आकडा दिसला की फाडतो.