म्हाताऱ्या माणसांच्या सवलती: आधी वयाच्या घ्या, दाखल्याच्या मागून

सोलापुरात आमच्या गल्लीतल्या एक अक्का परवा उत्पन्नाच्या दाखल्यासाठी चौथ्यांदा निघाल्या होत्या, वय ७२, सगळं आयुष्य विड्या वळण्यात गेलेलं, हातात कॅरीबॅग आणि तिच्यात झेरॉक्सचा गठ्ठा, मी सहज विचारलं की अक्का आयुष्मानचं कार्ड काढलं का, तर म्हणाल्या त्याला पण दाखला लागतोय म्हणून ठेवलंय मागं. लागत नाही ओ! त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून हे लिहायलालोय, आईवडील, आज्जी, शेजारच्या मावशी, कुणाचं काम करायचं असेल त्यांच्यासाठी.

आधी वहीचं एक पान घ्या आणि मधे उभी रेघ मारा. डावीकडं नुसतं वय विचारणाऱ्या सवलती, उजवीकडं कमाई विचारणाऱ्या. डावीकडच्या आधी उरकून टाका, त्या एकदोन दिवसांत होतात, उजवीकडच्यांना महिने जातात. लोक नेमकं उलटं करतात, दाखल्याच्या मागं पळून दमतात आणि सोपं ते राहूनच जातंय.

त्याच्याही आधी आधारवरची जन्मतारीख बघा, कारण वयाचा सगळा खेळ तिथं आहे. आपल्याकडं अर्ध्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस १ जूनला, गुरुजींनी शाळेत घालताना लिहून टाकलेला, आणि जे शाळेतच गेले नाहीत त्यांचा १ जानेवारी. कितीतरी जणांचं वय दोनचार वर्षांनी कमी लागलंय. दुरुस्ती होते पण जन्मतारीख साधारण एकदाच बदलता येते, म्हणून पुरावा पक्का असल्याशिवाय घाई करू नका.

आता डावी बाजू. एसटी सगळ्यात सोपी. ७५ पूर्ण झाली की प्रवास फुकट, हे ऑगस्ट २०२२ पासून चालू आहे, आणि ६५ ते ७५ ला अर्धं तिकीट. बायकांना मार्च २०२३ पासून कुठल्याही वयात अर्धंच आहे. पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट, वयाचा पुरावा दाखवायचा, विषय संपला. शून्य रुपयाचं तिकीट मात्र मागून घ्या, कंडक्टर विसरला तरी. आणि दोन गोष्टी आधीच सांगून ठेवा नाहीतर म्हातारं माणूस गाडीत भांडत बसतंय: एक म्हणजे सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच, विजयपूर किंवा कलबुर्गीला जायचं तर हद्दीपुढचे पैसे पडणार, आणि दुसरं म्हणजे गावातली सिटी बस एसटीची नाही, तिथं हे चालत नाही.

दुसरं ७० च्या वरच्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड. ऑक्टोबर २०२४ ला सुरू झालं. वर्षाला ५ लाखांपर्यंत ॲडमिट होऊन उपचार, आणि उत्पन्नाची अट अजिबात नाही, बंगला असो की पत्र्याची खोली. आधार आणि आधारला जोडलेला मोबाईल एवढंच लागतंय, आयुष्मान ॲपवर घरबसल्या होतं नाहीतर जवळच्या केंद्रावर. दोन गोष्टी ध्यानात ठेवा, घरात ७० च्या पुढचे दोघं असले तर ५ लाख दोघांत मिळून, आणि नुसत्या तपासणीला किंवा रोजच्या गोळ्यांना हे चालत नाही. कुठलं हॉस्पिटल यादीत आहे ते आजारी पडायच्या आधी १४५५५ वर विचारून भिंतीवर लिहून ठेवा, रात्री दोन वाजता फोन लावत बसायची वेळ नको.

रेल्वेचं आता सोडून द्या. पुरुषांना ६० नंतर ४० टक्के, बायकांना ५८ नंतर ५० टक्के सूट होती, मार्च २०२० मध्ये कोरोनात बंद केली ती गेलीच. सिद्धेश्वर एक्सप्रेसनं मुंबईला जाताना खालचा बर्थ तेवढा मिळतोय, बुकिंग करताना सीनियर सिटिझन कोटा टाका, एकटं किंवा दोघंच जाणार असाल तर. गंमत म्हणजे बंद करायच्या आधी रेल्वेनं पर्याय दिलेला, ज्याला परवडतंय त्यानं आपणहून सूट सोडावी, अर्धी किंवा पूर्ण. मला ते बरं वाटलेलं. कुणाला गरिबी सिद्ध करायला लावली नव्हती.

उजवी बाजू किचकट आहे, तिथं जरा थांबू. ६५ च्या वरच्यांना श्रावणबाळ योजना, त्याच्या आतल्या निराधारांना संजय गांधी योजना, दोन्हीची पेन्शन महिन्याला १५०० रुपये. अट काय, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत. हिशोब करा, महिन्याला १७५०, दिवसाला ५७-५८ रुपये. कुटुंबाचं बरं का, एकट्याचं नाही. पोरगा कारखान्यात लागला आणि एकाच रेशनकार्डावर नाव असलं की आई यादीतून गेली, मग तो तिला दोन रुपये देतो का हे कोण विचारतंय. विडी कामगार बायकांना पीएफची पेन्शन कमीत कमी १००० ठरवलेली, २०१४ पासून तेवढीच आहे, म्हणजे वर्षाचे १२,००० तिथंच झाले.

आता ह्याच अक्का वयोश्री योजनेला गेल्या तर तिथं मर्यादा २ लाख! ६५ च्या वरच्यांना चष्मा, काठी, कानाचं मशीन असल्या वस्तूंसाठी एकदाच ३००० रुपये, आणि उत्पन्नाचं स्वयंघोषणापत्र चालतं. म्हाताऱ्यांना तीर्थयात्रेला नेणारी तीर्थदर्शन योजना आहे, तिला अडीच लाख. म्हणजे एकच बाई एका टेबलावर गरीब, दुसऱ्या टेबलावर श्रीमंत, साडी तीच. म्हणून पानाच्या उजव्या बाजूला प्रत्येक योजनेपुढं तिची मर्यादा लिहा आणि मोठ्या मर्यादेपासून खाली या, वयोश्री आधी, श्रावणबाळ नंतर.

दाखला काढताना मी तीन ठिकाणी फसलोय ते सांगतो. सेतूत गेल्यावर दाखला एक वर्षाचा पाहिजे की तीन वर्षांचा हे ज्या योजनेला द्यायचाय तिथं आधी विचारून या, मी एकदा चुकीचा काढून बसलो आणि पुन्हा पहिल्यापासून. तलाठी चौकशीला म्हातारं माणूस स्वतः हजर असेल असं बघा, "आज्जी गावाला गेल्यात" म्हणलं की अर्ज पडून राहतो. आणि नावं जुळवा, आपल्याकडं तेलुगू घरात आधारवर एक, पीएफला दुसरं, रेशनकार्डावर नवऱ्याचं नाव मधे घुसलेलं, स्पेलिंगचं तर बोलूच नका. खरंच वेगळी चूल असेल तर आधी रेशनकार्ड वेगळं करून घ्या, पण नुसतं कागदावर वेगळं दाखवू नका, उद्या वसुली निघाली तर म्हाताऱ्या माणसाच्या डोक्याला ताप. कागद पुरे झाले की तहसीलच्या संजय गांधी शाखेत अर्ज, पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही.

आता कट्ट्यावर हमखास कुणीतरी म्हणतंय, की जुळे सोलापुरातल्या रिटायर साहेबाला एसटी फुकट कशाला, ५ लाखांचं कार्ड कशाला, गरज बघून द्या की. ऐकायला बरोबर वाटतंय. पण गरज बघायची म्हणजे काय तर दाखला, आणि दाखल्याच्या लायनीत साहेब कधीच उभा नसतो, उभ्या असतात त्या अक्का, दिवसाची मजुरी बुडवून. इंग्लंडात हेच झालं. तिथं थंडीत घर गरम ठेवायला म्हाताऱ्यांना सरसकट पैसे मिळायचे, १९९७ पासून. २०२४ मध्ये सरकारनं ठरवलं की गरिबांचा वेगळा भत्ता घेणाऱ्यांनाच द्यायचे, आणि तो भत्ता हक्क असूनही न घेणारे लाखो लोक होते, फॉर्म अवघड म्हणून, लाज म्हणून. ते पण गेले बाहेर. ओरड झाली आणि २०२५ च्या जूनमध्ये सरकार मागं फिरलं, आता इंग्लंड-वेल्समध्ये सगळ्यांना देतात आणि ज्याचं वर्षाचं उत्पन्न ३५,००० पौंडांच्या वर आहे त्याच्याकडून टॅक्समधून परत घेतात. मला विचाराल तर कमाई बघायचीच असेल तर अशी बघावी, वरून. आपल्याकडं पीएम किसानला थोडं तसंच आहे, इन्कम टॅक्स भरणारा बाहेर, बाकीच्या शेतकऱ्याला उत्पन्नाचा दाखला कुणी मागत नाही. २१,००० ची अट ठेवून तलाठ्याला गरिबी मोजायला लावण्यापेक्षा हे सरकारला सोपं नाही का? असो.

चालू झालेले पैसे बंद पडू नयेत म्हणून शेवटचं काम, हयातीचा दाखला. श्रावणबाळ, संजय गांधीला वर्षाच्या सुरुवातीला द्यायचा असतो, मार्चअखेर धरून चला. पीएफ पेन्शनवाल्यांना नोव्हेंबरचं बंधन नाही, कुठल्याही महिन्यात द्या, तिथून वर्षभर चालतो. विडी वळून वळून बोटांचे ठसे गेलेले असतात, मशीनवर दहादा दाबलं तरी लाल दिवा, मग अक्का रडकुंडीला येतात. त्यांना बँकेत ओढत नेऊ नका, मोबाईलवर जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी ही दोन ॲप टाका, चेहऱ्यावरून होतंय. सकाळच्या उजेडात दारात खुर्चीवर बसवायचं, मागं मोकळी भिंत, चष्मा काढायचा आणि डोळे मिचकवायला सांगायचं. आमच्या अक्कांचं दुसऱ्या वेळी झालं, पहिल्या वेळी त्या फोटो म्हणून हसल्या.