चणकाची पैज आणि गोल्फचा अंदाज: या चुका टाळा

बुधवारी संध्याकाळी म्हापशात, बाजारामागच्या एका हॉटेलात आम्ही चौघं बसतो. पातळ भाजी, पाव, चहा आणि शंभर पानी वही. गुरुवारी सुरू होणाऱ्या गोल्फ स्पर्धेसाठी प्रत्येकाने तीन नावं लिहायची. ज्याचे तिघे सगळ्यांत मागे राहतील, त्याने पुढच्या रविवारी चणक मासा आणायचा. पैसे लावत नाही. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर 2025 च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहेच, आणि चणकाचा बाजारभाव ऐकला की तसंही पैसे लावल्यासारखंच वाटतं.

गेल्या चार वर्षांत सगळ्यांत जास्त चणक मी आणलेत. तेव्हा चुकांवर लिहायचा पहिला मान माझाच.

निकाल वाचला, खेळ वाचला नाही

ही माझी जुनी खोड. गेल्या आठवड्यात अमुक दुसरा आला, म्हणजे फॉर्मात आहे, लिहा नाव! एकदा असंच एक नाव मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि तो शुक्रवारी कट चुकवून, म्हणजे पहिल्या दोन फेऱ्यांनंतरच बाद होऊन, घरी गेला. नंतर आकडे बघितले तर आदल्या आठवड्यात त्याची सगळी कमाई पटिंगमधली, म्हणजे ग्रीनवर (खळग्याभोवतीच्या हिरवळीवर) चेंडू खळग्यात ढकलण्यातली होती. लांबलांबचे पट आत गेले होते. हिरवळीपर्यंत चेंडू नेण्यात तो मैदानातल्या साधारण खेळाडूपेक्षा वेगळा नव्हता.

हे कळतं ‘स्ट्रोक्स गेन्ड’ या आकड्यावरून. नाव ऐकून घाबरायचं कारण नाही. 8 फुटांवरून व्यावसायिक खेळाडू साधारण निम्म्या वेळा पट घालतात, म्हणजे तिथून सरासरी दीड फटका लागतो. एकात घातला तर अर्ध्या फटक्याची कमाई, दोन लागले तर अर्ध्याचा तोटा. प्रत्येक फटक्याचा असा हिशेब मांडायची पद्धत कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी घडवली आणि 2011 पासून पीजीए टूर (अमेरिकेतली व्यावसायिक स्पर्धांची मालिका) पटिंगसाठी ती वापरू लागली. ब्रॉडींच्या विश्लेषणातली एक गोष्ट मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे: अव्वल खेळाडू इतरांवर जी आघाडी मिळवतात, तिच्यातला सुमारे 40 टक्के वाटा ग्रीनवर येणाऱ्या अप्रोच फटक्यांचा आणि पटिंगचा जेमतेम 15 टक्के.

पटिंग बिनकामाचं आहे असा याचा अर्थ नव्हे. एखादी स्पर्धा पटिंगवर नक्की जिंकता येते. पण ते आज आहे, उद्या नाही, पावसाळ्यातल्या विजेसारखं. अप्रोच आणि ड्रायव्हिंग (सुरुवातीचा लांब फटका) मात्र आठवड्यामागून आठवडा बऱ्यापैकी टिकतं. म्हणून आता माझा क्रम उलटा झालाय. पंधरावा आलेला, पण अप्रोचमध्ये सलग चार आठवडे कमावणारा आणि पटिंगमध्ये गमावणारा खेळाडू दिसला की मी कान टवकारतो. दोन फेऱ्या बऱ्या खेळून एका फटक्याने कट चुकवणारा माणूसही माझ्या लेखी फॉर्मबाहेर नाही. आमच्या चौघांतले भाई अशांना लगेच काट मारतात. मारू देत.

शहर तेच म्हणून कोर्स तोच

ऑक्टोबर 2025 मध्ये दिल्ली गोल्फ क्लबवर डीपी वर्ल्ड इंडिया चॅम्पियनशिप झाली. मी गुरुग्रामचा डीएलएफ कोर्स डोळ्यांसमोर ठेवून लांब मारणाऱ्यांची यादी केली. इंडियन ओपन 2017 पासून डीएलएफवर होते, ती मी बघत आलोय. दोन्ही ठिकाणं एकमेकांपासून तासाभरावर, मग फरक तो काय पडणार?

फरक सगळाच पडला. डीएलएफ लांबलचक, चढउतारांचा, वाळूच्या खोल बंकरांचा. तिथे एका होलवर, म्हणजे अठरा टप्प्यांपैकी एकावर, घर बुडू शकतं. स्टीफन गॅलाकरने 2019 ला शेवटच्या दिवशी सातव्या होलवर 8 फटके घेतले आणि तरी स्पर्धा जिंकली. दिल्ली गोल्फ क्लब म्हणजे जुन्या मकबऱ्यांच्या आणि दाट झुडपांच्या मधून गेलेली अरुंद वाट. तिथे चेंडू वाकडा गेला की झुडपात हात घालून शोधायचा, मोर असेल तर त्याला विचारायचं. ड्रायव्हर (सगळ्यांत लांब मारायची काठी) वापरणार नाही, असं रोरी मॅकिलरॉयने स्पर्धेआधीच सांगितलं होतं. मी वाचलं, आणि वाचूनही यादी बदलली नाही! जिंकला टॉमी फ्लीटवुड, 22 अंडर पारने, म्हणजे कोर्सच्या ठरलेल्या फटक्यांपेक्षा (पारपेक्षा) 22 कमी घेऊन. चणक मी आणला.

कोर्स बघताना त्याची एकूण लांबी बघून थांबू नका. फेअरवे (मधली कापलेल्या गवताची पट्टी) किती रुंद, वाकडा गेलेला चेंडू कुठे पडतो, ग्रीन लहान की मोठी, अप्रोच बहुतेक किती अंतरावरून येणार, हे बघा. ‘अरुंद कोर्स म्हणजे सरळ मारणारा जिंकणार’ हे सूत्रही आंधळेपणाने लावू नका. विंग्ड फूटला 2020 च्या यूएस ओपनमध्ये रफ (फेअरवेबाहेरचं गवत) एवढं वाढवलं होतं की अचूक मारणाराच तरेल असं जो तो म्हणत होता. ब्रायसन डीशॅम्बोने 56 पैकी फक्त 23 फेअरवे गाठले आणि 6 अंडरने जिंकला. पारखाली राहिलेला तो एकटाच. फेअरवे सगळ्यांचेच चुकणार असतील तर ग्रीनच्या जास्त जवळून चुकलेला बरा, हे त्याचं गणित. दिल्लीत ते चाललं नसतं, कारण झुडपातून चेंडू बाहेरच निघत नाही. रफ आणि झुडूप यांतला हा फरक मला एका चणकाच्या किमतीत कळला.

आणि गवत बघा. बर्म्युडा ग्रास म्हटलं की आपल्याला परदेशी वाटतं, पण ती आपली दूर्वाच. चवथीला गणपतीवर बांधलेल्या माटोळीखाली बसून जुड्या बांधताना पाती कशी एका दिशेला झुकतात, ते आठवा. फ्लोरिडातल्या बर्म्युडा ग्रीनवर पात्यांच्या दिशेने पट मारला तर चेंडू पळतो, उलट मारला तर दम तोडतो. मास्टर्स स्पर्धा जिथे होते त्या ऑगस्टाच्या ग्रीनवर बेंटग्रास आहे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर पोआ अन्युआ, जे दुपारपर्यंत खडबडीत होतं. एखाद्याचं पटिंग एकदम सुधारलेलं किंवा बिघडलेलं दिसलं तर तो खेळाडू बदललाय की त्याच्या पायाखालचं गवत, एवढं तरी विचारा.

“ऑगस्टा त्याला पावत नाही”

हे भाईंचं वाक्य, एप्रिल 2025 चं. मॅकिलरॉयचं नाव मी लिहिलं तेव्हा ते म्हणाले, “अरे, सोळा वर्षं नवस चाललाय, देव पावायचा तर एव्हाना पावला असता.” 2011 ला शेवटच्या दिवशी त्याने आघाडीवर असताना 80 मारले होते, ते भाईंना तोंडपाठ. पण त्याच वर्षी, 2025 मध्ये, तो पेबल बीच आणि प्लेयर्स या स्पर्धा जिंकून आला होता, ते त्यांनी हिशेबात धरलं नाही. ऑगस्टावरचे त्याचे पहिल्या दहांतले निकालही धरले नाहीत, आणि 2022 चा दुसरा क्रमांकही धरला नाही.

कोर्सवरचा इतिहास खोटा नसतो. टायगर वुड्सने बे हिलवर आठ वेळा जिंकून दाखवलं. मास्टर्समध्ये तर पदार्पणातच जिंकणारा माणूस 1979 च्या फझी झेलरनंतर झालेला नाही, म्हणजे तिथे अनुभवाला किंमत आहे. पण बहुतेकांचा इतिहास म्हणजे तीन वर्षांतल्या दहा-बारा फेऱ्या. एवढ्यावर देव पावतो की नाही ते ठरत नाही. मी ताज्या पन्नासेक फेऱ्यांचे आकडे आधी बघतो आणि इतिहासाला चिमूटभर मिठासारखं वापरतो. मैदान मधेच बदललं असेल तर तेवढंही नको. अटलांटाच्या ईस्ट लेकचं 2024 च्या टूर चॅम्पियनशिपआधी मोठं नूतनीकरण झालं. माझा भाचा तरीही तिथले जुने निकाल घेऊन बसला होता.

तीन लहान गोष्टी, ज्यांत आम्ही फसलो

जागतिक रँकिंग. पीजीए टूरला टक्कर देणाऱ्या लिव्ह लीगच्या स्पर्धांना रँकिंग गुण मिळत नसताना ब्रूक्स केप्का 44 व्या क्रमांकावर होता आणि 2023 ची पीजीए चॅम्पियनशिप जिंकून गेला.

बातमी न वाचणं. स्कॉटी शेफलरने 2024 च्या नाताळात रॅव्हिओली करताना फुटक्या ग्लासाने हात कापून घेतला आणि 2025 च्या सुरुवातीच्या स्पर्धा हुकवल्या. भाच्याने जानेवारीत त्याचंच नाव दिलं होतं. “मामा, स्वयंपाकघरातलं मला काय माहीत?” हा त्याचा बचाव.

वारा. हे तरी आपल्याला सांगायला नको. मिरामारला पहाटेचा वारा जमिनीवरून जातो, दुपारी समुद्रावरून येतो आणि छत्री उलटी करतो. ब्रिटिश किनाऱ्यावरच्या ओपनमध्ये निम्मे खेळाडू गुरुवारी सकाळी आणि शुक्रवारी दुपारी खेळतात, उरलेले बरोबर उलट. एका गटाला दोन्ही दिवस वादळ मिळू शकतं. टी टाइम (कोण किती वाजता सुरू करणार) आणि हवामान बघितल्याशिवाय वही बंद करू नका, आणि तिन्ही नावं एकाच गटातली देऊ नका.

नेम सारखाच चुकत असेल तर

तुमचे खेळाडू वारंवार कट चुकवत असतील तर तुम्ही बहुधा पटिंगची लाट पकडताय. कट पार करून नेहमी विसावे-पंचविसावे येत असतील तर निवड फार सावध आहे: बोगी (होलवर पारपेक्षा एक फटका जास्त) न करणारी माणसं घेताय, बर्डी (एक कमी) करणारी नाही. आणि निवडलेला दुसरा-तिसरा येतो पण जिंकत नाही, अशी तक्रार असेल तर ती चूकच नाही. शेफलरने 2024 मध्ये पीजीए टूरवर 19 पैकी 7 स्पर्धा जिंकल्या. त्या स्वप्नवत वर्षातही तो 12 वेळा हरला. चार दिवसांत 280 च्या आसपास फटके आणि निकाल बऱ्याचदा एका फटक्याने. म्हणून वहीत नावापुढे कारणही लिहा. हरल्यावर कारण बरोबर होतं की नाही ते तपासता येतं. नुसतं नाव काय तपासणार?

त्या एप्रिलची गोष्ट अर्धी राहिली. रविवारची शेवटची फेरी आपल्याकडे सोमवारी पहाटेपर्यंत चालते. मॅकिलरॉयने पहिल्याच होलवर डबल बोगी करून दोन फटक्यांची आघाडी घालवली, तेराव्यावर चेंडू ओढ्यात घातला, अठराव्यावर छोटा पट चुकवला. भाईंचा मेसेज आला: “सांगितलं होतं.” बरोबरी झाल्यावरच्या प्लेऑफच्या पहिल्याच होलवर त्याने बर्डी केली, जस्टिन रोजला हरवलं आणि गुडघ्यांवर कोसळला. सतराव्या खेपेला पावला. बाहेर पोदेराचा भोंगा वाजला. मी पाव घेऊन आलो तोवर भाईंचा दुसरा मेसेज होता: “चणक किलोचा की दीड किलोचा?”