सायकल बांधायची कशी आणि चोरीला गेली तर शोधायची कशी

"काका, सायकल गेली. एखादी सेकंडहँड आहे का?" असं विचारत पोरं दुकानात येतात, तेव्हा मी आधी विचारतो, कुठून गेली? पुण्यात बहुतेकांचं उत्तर एकच: सोसायटीच्या पार्किंगमधून. वॉचमन होता, गेट होतं, मागच्या चाकाचं रिंग लॉकही लावलं होतं. पण रिंग लॉकनं फक्त चाक फिरायचं थांबतं, आणि सायकल उचलून टेम्पोत टाकायला चाक फिरावं लागतच नाही.

म्हणून सायकल पक्क्या रोवलेल्या वस्तूलाच बांधा. जिन्याचा कठडा, खिडकीचं ग्रिल, पार्किंगमधला लोखंडी खांब, काहीही चालेल. फक्त खांब वरून मोकळा आणि बुटका नको, नाहीतर कुलपासकट सायकल वरून काढून घेतात. कुलूप नुसत्या पुढच्या चाकात अडकवू नका. क्विक रिलीजचं, म्हणजे खटका फिरवून हातानंच निघणारं चाक असेल तर चोर ते तिथंच सोडून बाकीची सायकल घेऊन जातो. यू-लॉक, म्हणजे यू आकाराच्या जाड सळईचं कुलूप घ्या आणि मागचं चाक, फ्रेम आणि खांब तिन्ही त्यात घ्या. आत पहार शिरेल एवढी फट राहू देऊ नका. कुलूप जमिनीला टेकलेलंही नसावं, फरशीवर ठेवून हातोडा मारणं सोपं जातं.

प्लास्टिकच्या आवरणातली केबल जाड दिसते, पण आतल्या तारा बारीक असतात आणि चांगल्या कटरनं पटकन तुटतात. स्वस्तातल्या नंबरच्या कुलपांवरही भिस्त ठेवू नका. आकडा विसरलेल्या पोरांची असली कुलपं मी नुसत्या हातानं चाचपून उघडून दिली आहेत. पंधरा हजारांच्या सायकलला दीडशेचं कुलूप बघितलं की मला खरंच वाईट वाटतं.

सीट चोरीला जाऊ नये म्हणून एक करता येतं. सीटच्या बोल्टला ॲलन कीचं, म्हणजे सहाकोनी पान्याचं भोक असतं, त्यात बसेल असा छर्रा टाका आणि वरून मेणबत्तीचं मेण ओता. मग ॲलन की आत जात नाही. तुम्हाला उघडायचं असेल तेव्हा सुईनं मेण कोरून छर्रा काढायचा.

आता सायकलची ओळख. हे काम फार थोडे लोक करतात, आणि सायकल परत मिळायची तर याच्याशिवाय गत्यंतर नाही. सायकल उलटी करा. दोन्ही पायडलांच्या मधल्या जाड नळीच्या खाली, म्हणजे आम्ही बीबी म्हणतो तिथं, बहुतेक सायकलींवर फ्रेम नंबर ठोकलेला असतो. चिखल आणि ग्रीसनं तो दिसत नाही. रॉकेलच्या फडक्यानं पुसा, वाळल्यावर खडू घासा, वरचा खडू बोटानं पुसून टाका. आकडे पांढरे उठून दिसतात. त्याचा फोटो काढा. अख्ख्या सायकलचा एक फोटो, बिलाचा एक, आणि हे सगळे स्वतःलाच मेल करून ठेवा. शिवाय सीटचा दांडा बाहेर काढून नाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी प्लास्टिकमध्ये गुंडाळून फ्रेमच्या नळीत सरकवा. चोर रंग बदलतो, हँडल बदलतो, नळीत डोकावत नाही.

चोरी झालीच तर त्याच दिवशी चौकीत जा. 'हरवली' असं लिहून देऊ नका, 'चोरीला गेली' असंच लिहा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, आणि चोरी तिच्या कलम ३०३ मध्ये येते. नव्या कायद्यात पाच हजारांखालच्या मालाची चोरी अदखलपात्र धरली आहे. म्हणजे एफआयआर न होता नुसती एनसी, अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, होते आणि मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. त्यामुळे सायकलची किंमत दाखवायला बिल हवंच. नंतर बसवलेल्या गिअरची, कॅरिअरची बिलंही जोडा. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या.

मग आसपासच्या पंक्चरवाल्यांना फोटो आणि नंबर पाठवा. चोरीच्या सायकलचंही पंक्चर निघतंच, आणि नंबर घासलेली सायकल आली की आम्हाला लगेच कळतं. असली सायकल मी दुकानात घेतच नाही. तुम्हीही जुनी घेताना बिल मागा, कारण चोरीचा माल माहीत असून घेणं हाही गुन्हा आहे. जुन्या बाजारात किंवा ऑनलाइन तुमचीच सायकल दिसली तर विकणाऱ्याशी हुज्जत घालू नका. एफआयआरची प्रत आणि नंबरचा फोटो हाताशी ठेवा, ११२ ला फोन लावा आणि पोलीस येईपर्यंत सायकलवरची नजर काढू नका.