फॅटी लिव्हर आणि कोकम : या चुका टाळा

उन्हाळा लागला की मुंबई-ठाण्याच्या नातेवाइकांचे फोन सुरू होतात. "फॅटी लिव्हर निघालंय, कोकम घेऊ ना?" घ्या, पण कुठलं कोकम ते आधी बघा.

माझ्या मावसभावाने चहा सोडला आणि दिवसाला चार ग्लास कोकम सरबत सुरू केलं. तीन महिन्यांनी एसजीपीटी (यकृताला त्रास झाला की रक्तात वाढणारं एन्झाइम) उतरायच्या ऐवजी चढलेलं. त्याच्या घरी गेलो तर ओट्याखाली अमृत कोकमच्या रिकाम्या बाटल्यांची रांग. मी लेबल वाचून दाखवलं: पहिलाच घटक साखर. आमच्या कुडाळच्या घरी आई हेच अमृत कोकम करायला रातांबे (कोकमाची फळं) फोडून सालीच्या वाट्यांत साखर भरते आणि बरणी उन्हात ठेवते, तेव्हा सालीपेक्षा साखरच जास्त लागते. साखरेतलं फ्रुक्टोज यकृतात जातं आणि अती झालं की तिथेच त्याची चरबी होते. म्हणजे जे कमी करायचं तेच तो पीत होता.

मी रात्री तीन-चार आमसुलं (कोकमाच्या सुकवलेल्या साली) पाण्यात टाकतो, सकाळी कुस्करून गाळतो, वर जिरेपूड. साखर नाही, गूळही नाही. आणि हे औषध म्हणून नव्हे. सालीतल्या गार्सिनॉल या घटकाचे यकृताला फायदे दिसलेत ते प्रयोगशाळेत आणि उंदरांवर. माणसाचं वजन ७ ते १० टक्के उतरलं की यकृताची चरबी आणि सूज कमी होते, हे मात्र पक्कं आहे. त्याला महिने लागतात. पंधरा दिवसांत पुन्हा सोनोग्राफीला धावणाऱ्यांनी ते पैसे चांगल्या चपलांवर घालावेत आणि चालायला लागावं.

ज्यांना तेवढाही धीर नसतो, ते कॅप्सूल आणतात. याचा मला खरोखर राग येतो. कोकम म्हणजे गार्सिनिया इंडिका. वजन उतरवायच्या कॅप्सुलांत बहुधा गार्सिनिया कंबोजियाचा अर्क असतो, केरळात माशाच्या कालवणात घालतात ती कुडमपुळी. कालवणातलं फळ वेगळं, अर्क वेगळा. या अर्काने यकृताला गंभीर इजा झाल्याच्या, प्रत्यारोपणापर्यंत गेल्याच्याही नोंदी आहेत. यकृतासाठी म्हणून हे घेऊच नका.

आगळात, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या घट्ट रसात, मीठ भरपूर असतं. सिरॉसिसने (यकृत निबर होण्याच्या आजाराने) पोटात पाणी झालेल्यांनी ते टाळावं.

आगळ ॲल्युमिनियमच्या भांड्यात ठेवू नका, काचेची बरणी घ्या.

डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, तर सोलकढी करत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.